खालच्या घराचं उत्तर

१

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. आकाश निरभ्र, तळोज्याच्या बाजूला मात्र क्षितिजावर मळकट पट्टा. दुपारी चौतीस अंश. वारा पडलेला.

त्या दिवशी मधुकर उतेकरनं आपल्या भिमाआत्याला धुरकोंडहून नेरूळला आणलं. घाटाच्या वळणांवर तिला काही झालं नाही. पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तासभर अडकली तेव्हा उलटी झाली. बाकी सगळा वेळ ती मांडीवर गाठोडं घेऊन ताठ बसून होती.

"अजून किती उतरायचं रं?" शिरवणे गावाच्या बाजूनं गाडी आत वळली तेव्हा तिनं विचारलं.

"उतार कधीच संपला, आत्या. आता पुढे खाडीच."

"म्हंजे समद्यांच्या खाली आलो."

"आपण राहतो चौथ्या मजल्यावर. सगळ्यात वर. आपल्यावर फक्त गच्ची."

"मग बरं," आत्या म्हणाली आणि पहिल्यांदाच पाठ टेकून बसली.

धुरकोंडला नऊ घरं. एका उतारावर, एकाच्या पायाशी दुसरं, अशी. उन्हाळ्यात पाणी नाही आणि पावसाळ्यात वाट नाही, असं ते गाव. रस्ता वनखात्याच्या हद्दीपाशी येऊन थांबला तो थांबलाच. शाळेत दोन पोरं उरली तेव्हा मास्तरांची बदली झाली. माणसं एकेक करून उतरली; कोणी तुर्भ्याच्या बाजारात गोणी उचलायला, कोणी तळोज्याच्या कारखान्यात. गेल्या पावसात गावाच्या वरच्या अंगाला जमीन फाटली. फटीत हात कोपरापर्यंत जात होता. तलाठ्यानं वस्ती धोक्यात आहे असं लिहून दिलं. वस्ती म्हणजे भिमाआत्या आणि तिच्या दोन कोंबड्या.

आई गेली तेव्हा मधुकर रांगत होता. त्याला वाढवलं आत्यानं. ती दरड तिच्या अंगावर येऊ द्यायची नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. पुढच्या पावसाच्या आधी आणायचं, आणि आणल्यावर परत जाऊ द्यायचं नाही.

२

मधुकर तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. गोदामातल्या मालाला दमट हवा चालत नाही, म्हणून तिथं रोज ओल्या कापडातला आणि कोरडा असे दोन पारे बघावे लागत. वीस वर्षांत ती सवय हाडात मुरली. घरीही त्यानं तसाच जोड तापमापक आणून लावला होता. त्याची बायको अरुणा गिरगावात वाढलेली, एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला. ती म्हणायची, "लोक घरात देव मांडतात, आमच्याकडे थर्मामीटर."

आत्याला मागची खोली दिली. तिची खिडकी डक्टमध्ये उघडायची. डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली ती अरुंद उभी विहीर. पाइप, कबुतरं आणि सगळ्यांच्या बाथरूमचे आवाज. खोली फारशी चांगली नव्हती, मधुकरला त्याची लाज वाटत होती. पण आत्यानं खिडकीतून खाली वाकून पाहिलं आणि मान हलवली.

"हितनं खाली दिसतं," ती म्हणाली. "झालं तर."

दिवेलागणीला अरुणानं मुख्य दार लावलं. आत्यानं जाऊन ते उघडलं. अरुणानं पुन्हा लावलं. आत्यानं पुन्हा उघडलं.

"आत्या, डास येतात हो. इथं डेंग्यूचं टेन्शन आहे."

"समदी पोचल्याबिगर कडी लावत न्हाईत, बाय."

"कोण सगळी?"

आत्या दारापासून वळली. मागच्या खोलीत जाऊन ती खिडकीशी उभी राहिली, हाताचा पंजा गालाशी धरला आणि डक्टमध्ये साद घातली. "होss... पोचलंसा का रंss..."

कबुतरं फडफडून उडाली. खाली कुठंतरी नळ बंद झाला. मग काहीच नाही. आत्या बराच वेळ तशीच उभी होती.

मधुकरनं त्या रात्री जेवताना अरुणाला समजावलं. धुरकोंडला पावसाळ्यात धुकं दारातून घरात येतं. स्वतःच्या अंगणातलं तुळशीवृंदावन दिसत नाही. वाट चुकलेला माणूस कड्यावरून जातो. म्हणून रोज दिवेलागणीला सगळ्यात वरचं घर साद घालतं. खालचं घर 'पोचलो' म्हणतं आणि आपल्या खालच्याला साद घालतं. अशी साद शेवटच्या घरापर्यंत उतरते, आणि शेवटचं घर पोचलं की उत्तर परत वर चढतं. ते वर आलं की सगळी घरं एकदम कड्या लावतात. 'पोचलो' म्हणजे माणूस आपल्या घरात आला.

"आणि एखादं घर बोललंच नाही तर?"

"तर बाकीचे पलिते पेटवून शोधायला निघतात. माणूस मिळून घरी नेईपर्यंत कोणी परत फिरत नाही." मधुकर हसला. "मी लहान होतो तेव्हा एकदा गोठ्यात झोपलो होतो. अख्खं गाव हिंडलं. शेवटी बाबांनी कानाला धरून घरात नेलं. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं पेर कोयत्यानं गेलेलं. त्या थोट्या अंगठ्यानं असला चिमटा बसायचा..."

"आणि कोणी दुसऱ्याच्या वतीनं पोचलो म्हणायचं का?"

"छे. ते कोणी करत नाही."

३

आत्या जेवेना. मुख्य दार उघडं ठेवून ती भिंतीला टेकून रात्र काढायची. डोळे आत गेले. डॉक्टरांनी तपासलं, सगळं नॉर्मल आहे म्हणाले, हवापालट आहे, सवय होईल.

"तुजं घर बोलत न्हाय," ती मधुकरला म्हणायची. "माज्या खालचं तुजंच घर. तेच बोलंना, तर पुढली कुठनं बोलतील? मला जाऊ दे."

"कुठं जाणार? डोंगर फाटलाय, आत्या."

"फाटंना. मी हाय तवर हाक तरी जाईल."

तिनं दोनदा गाठोडं बांधलं. एकदा ती खाली गेटपर्यंत पोचली, वॉचमननं बसवून ठेवलं.

आठवडा उलटला. एका संध्याकाळी आत्या साद घालत होती आणि मधुकर बाथरूममध्ये हात धूत होता. बाथरूमचं छोटं तावदानही त्याच डक्टमध्ये उघडायचं. आत्याच्या आवाजाला कंप सुटला होता. मधुकरच्या मनात फार विचार आला नाही. म्हातारी जेवेल, एवढाच. त्यानं तावदान ढकललं आणि म्हणाला,

"पोचलोss..."

मग आत्याचा आवाज आला, वेगळाच, तरणा.

"आरं मग खाली दे की!"

त्याला हसू आलं. बाबा होते तोवर हे काम त्यांचं असायचं. त्यानं पंजा गालाशी धरला. "होss... पोचलंसा का रंss..."

पाण्याचा एक थेंब पाइपवरून खाली गेला, तो पडल्याचा आवाज आला नाही.

"पोचलो," खालून कोणीतरी म्हणालं.

आवाज पुरुषाचा होता. मोठा नव्हता, पण स्पष्ट होता. मधुकर तावदानाशी उभा राहिला. नळ चालू होता तो त्यानं बंद केला. तिसऱ्या मजल्यावर रोहिदास ठाकूर राहायचा, मूळचा शिरवण्याचा, थट्टेखोर माणूस. तोच असणार.

बाहेर आत्या ताटावर बसली होती. तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या.

४

"मी?" रोहिदास दुसऱ्या दिवशी जिन्यात म्हणाला. "मधुभाऊ, मी संध्याकालचा बेलापूरला मासली आणाया गेलतो. विचारा आमच्या जमुनाला. आमच्यात अशी बोंब मारली तं बायको जेवान देनार नाय."

मग कोणीतरी दुसरं असेल, असं मधुकरनं ठरवलं. इमारतीत आवाज कुठला कुठं लागतो.

आत्या जेवू लागली, म्हणून त्यानं रोज उत्तर द्यायला सुरुवात केली. खालूनही रोज उत्तर येत राहिलं. त्या आवाजाची त्याला ओळख पटत होती आणि ती पटू नये असंही वाटत होतं. धुरकोंडला मधुकरच्या खालचं घर अंकुश मोऱ्याचं. अंकुश आता तुर्भ्याच्या बाजारात होता. मधुकरनं त्याला फोन लावला.

"बोल," अंकुश म्हणाला. घशातून नुसती हवा येत होती.

"आवाजाला काय झालं?"

"काय कळंना. सकाळी बरा असतो. दिवेलागणीला जातो तो जातोच. डॉक्टर म्हणतो, बाजारातल्या मिरचीची धूळ."

मधुकरनं फोन ठेवला.

त्याच सुमारास मागच्या खोलीची हवा बदलली. आधी अरुणाला कळलं, कारण डबे तिचे होते. त्या खोलीच्या कपाटात ठेवलेले पापड मऊ पडले. मिठाला पाणी सुटलं. देवाच्या काडेपेटीतली काडी ओढून पेटेना. मग भिंतीच्या खालच्या कडेला हिरवट रेघ आली आणि दोन दिवसांत तिच्यावर लव उगवली.

मधुकरनं तापमापक त्या खोलीत नेऊन टांगला. दिवाणखान्यात पारा एकोणतीसवर होता. खोलीत तो हळूहळू उतरला आणि सतरावर थांबला. ओला आणि कोरडा, दोन्ही पारे एका रेषेत आले. हवेत आणखी पाणी मावत नाही तेव्हाच असं होतं. गोदामात वीस वर्षांत त्यानं ते एकदाही पाहिलं नव्हतं. धुरकोंडच्या श्रावणात मात्र हेच असायचं. शाळेच्या मास्तरांकडे असाच एक तापमापक होता आणि तो बघायला मिळावा म्हणून मधुकर शाळेत लवकर जायचा.

त्यानं तापमापक बदलून पाहिला. नवाही सतरावरच थांबला.

सोसायटीचा प्लंबर आला. भिंत ठोकून, पाइप चाचपून झाल्यावर तो म्हणाला, "लीकेज नाही आहे साहेब. पाइप कोरडा आहे. भिंतच घाम सोडतेय."

रोहिदास बघायला वर आला. उंबऱ्यातूनच त्यानं आत हात घातला आणि झटकन मागं घेतला.

"आयला, मधुभाऊ! तुमच्याकरं महाबलेश्वर हाय का काय? तिकीट लावा. खाली पार्किंगमदी ष्टॉबेरीची गारी मी लावतो."

आत्या पलंगावर मजेत बसली होती. "थंड वाटतं ना?" ती म्हणाली. "घरावानी."

५

साद दर तीन-चार दिवसांनी एकेक घर खाली जात होती. अंकुशच्या आवाजानंतर दुसरा आवाज उत्तर देऊ लागला, मग तिसरा. एक बाईचा होता. प्रत्येक नवा आवाज आधीच्यापेक्षा खोलातून यायचा. त्या संध्याकाळी जेवढी घरं पोचली तेवढ्यावर साद थांबायची. आत्या "अजून ऱ्हायलीत" असं पुटपुटून आत यायची आणि मुख्य दार उघडंच राहायचं.

"मधुभाऊ, थट्टा नाय करत," रोहिदासनं एकदा जिन्यात अडवून सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "तुमचा आवाज वरून येतो, ठीक हाय. मग एक मान्सू बोलतो तो माझ्या खिरकीच्या बाहेर. एकदम बाहेर. मी खिरकी उघडली, कोनी नाय. मग माझ्या खालून बोलतंय. खालचा फ्लॅट तं बंद हाय, लोका दुबईला हायेत. चावी माझ्याकरं हाय. मी जाऊन बघला."

"मग?"

"भित्ती ओल्या हायेत."

मधुकरनं संध्याकाळी स्वतः खाली जाऊन पाहायचं ठरवलं. डक्टचा तळ पार्किंगच्या मागं होता, सफाईसाठी एक लोखंडी दार होतं. बाथरूममधून त्यानं उत्तर दिलं, साद खाली दिली आणि लगेच जिना उतरून त्या दाराशी गेला. आत सिमेंटची जमीन, तुटकी बादली, कबुतरांची घाण. तो खाली येईपर्यंत थांबल्यासारखे वरून एकामागून एक आवाज उतरत आले. तिसरा मजला, दुसरा, पहिला. मग त्याच्या अगदी जवळ, त्या बादलीच्या उंचीवर, बाईचा आवाज म्हणाला, "पोचले." आणि साद पुढं दिली.

मधुकर सिमेंटकडे बघत राहिला. खाली काही नव्हतं. जिथं ही इमारत उभी होती तिथं पूर्वी मिठागरं होती. खाली चिखल आणि त्याखाली खारं पाणी.

"पोचलो," खालून उत्तर आलं. बरंच खालून. उतारावरून यावं तसं.

त्यानं दार लावून घेतलं. वर जाताना तो स्वतःला सांगत होता की पाइपातून आवाज उलटा फिरतो, पोकळीत घुमतो. हे सगळं खरंही होतं.

६

अरुणाचा दमा उठला. ओल आता तिच्या खोलीपर्यंत आली होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं पंप आणि चार कपडे बॅगेत भरले आणि ती द्रोणागिरीला बहिणीकडे निघाली.

"मी आत्यांना काढा म्हणत नाही," ती दारात म्हणाली. "मी म्हणतेय तुम्ही उत्तर देणं बंद करा. तुम्ही बोललात त्या दिवसापासून हे सुरू झालं. त्याआधी आपलं घर घर होतं."

"ती जेवायची थांबेल. परत जायला निघेल."

"मग आपण दोघं तिला धरून ठेवू. पण आधी हे बंद करा. मला फोन करा, मी येते."

तिचं म्हणणं मधुकरला पटलं. १४ डिसेंबर, शनिवार. बाहेर कोरडी हवा, सव्वीस अंश. मागच्या खोलीत चौदा. दिवेलागणीच्या आधीच त्यानं मुख्य दार लावलं, कडी घातली, बाथरूमचं तावदान बंद केलं आणि तो दिवाणखान्यात खुर्चीवर बसला.

आत्यानं साद घातली.

तो बोलला नाही.

तिनं पुन्हा घातली. मग तिसऱ्यांदा. मग ती सावकाश चालत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या पदराला दव लागलं होतं.

"का रं बोलत न्हाईस?"

"मी इथं राहतो, आत्या. ते घर माझं नाही आता. मी तिथं पोचलो नाही."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. रागानं नाही.

"पोचला न्हाईस व्हय," ती म्हणाली. "मग आता ते येतील."

पहिला आवाज पार्किंगमधून आला. काठी जमिनीवर टेकल्याचा. मग आणखी काठ्या. खालच्या पायऱ्यांवर ओल्या पायांची पचपच सुरू झाली. मधुकरला आधी वाटलं, कोणाकडे तरी पाहुणे आले असतील. पावलं पहिल्या मजल्यावर थांबली. दार ठोठावलं गेलं. पावलं दुसऱ्यावर आली. तिथल्या बंद फ्लॅटचं दारही कोणीतरी ठोठावलं, शांतपणे, घाई नसल्यासारखं. करंज तेलाच्या पलित्याचा वास दाराखालून आत आला. तो वास मधुकरला चाळीस वर्षांत आला नव्हता.

"रोहिदास!" त्यानं हाक मारायचा प्रयत्न केला. घशातून नुसती हवा आली.

तिसऱ्या मजल्यावर ठोठावलं. मग पावलं चढू लागली.

मधुकर उठला आणि दाराच्या भिंगाला डोळा लावला. जिन्यात धुकं भरलं होतं. जिन्यातला दिवा त्या धुक्यात नुसता पिवळा डाग होता. पायऱ्यांवर इरली ओळीनं उभी होती, डोंगरात पावसात पाठीवर घेतात ती पानांची, आणि त्यांवरून पाणी ओघळत होतं. सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे होत्या. खाली उतरायची वाट धरून ती उभी होती, कोणाला तरी मध्ये घेऊन जायला उभं राहावं तशी. फक्त एकानं दाराच्या चौकटीवर हात ठेवला होता. हात भिंगाच्या इतका जवळ होता की बाकीचं काही दिसत नव्हतं. डावा हात. अंगठ्याला वरचं पेर नव्हतं.

"वळख दे," मागून आत्या म्हणाली, लहानपणी झोपेतून उठवायची त्या आवाजात. "न्हाईतर रातभर हुडकत फिरतील बिचारी."

मधुकरनं तोंड उघडलं. या वेळी आवाज फुटला.

७

रोहिदास ठाकूरनं पोलिसांना सांगितलं की, दार वाजलं म्हणून त्यानं उघडलं तेव्हा जिन्यात कोणी नव्हतं, पण पार्किंगपासून गच्चीपर्यंत पायऱ्या ओल्या होत्या. चौथ्या मजल्यावर बेल वाजवून कोणी उघडेना, म्हणून त्यानं आणि वॉचमननं मिळून दार तोडलं. कडी आतून लावलेली होती. घरात भिमाबाई एकटी होती. मधुकरच्या चपला दाराशी होत्या, फोन खुर्चीवर होता. मागच्या खोलीत खिळा होता, तापमापक नव्हता. खोलीची भिंत कोरडी होती.

२१ डिसेंबर, शनिवार. धुरकोंडला आकाश स्वच्छ, पहाटे गवतावर दव. फट मोजायला गेलेल्या तलाठ्याला आणि वनरक्षकाला वरून दुसऱ्या, मधुकरच्या बंद घराच्या कौलातून धूर निघताना दिसला. दाराला आतून अडसर होता. तो तोडल्यावर आत कोणी सापडलं नाही. चूल गरम होती. खुंटीवर एक जोड तापमापक टांगलेला होता. त्यात पारा एकोणतीसवर होता.

अरुणा नेरूळला परतली आहे. अंकुश मोऱ्याचा आवाज सुधारला आहे. मधुकर उतेकरचा तपास लागलेला नाही.

भिमाबाईनं १४ डिसेंबरनंतर साद घातलेली नाही. दार दुरुस्त झालं त्या दिवशी दिवेलागणीला ती स्वतः उठली, मुख्य दाराची कडी लावली आणि जेवायला बसली.